गणित, संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या पदवीनंतर पुण्यात पहिली नोकरी कशी शोधावी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पदवीबरोबर एका पदाचे नावही मिळते. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला ते मिळत नाही. ‘गणिताचा पदवीधर पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसते, आणि म्हणून या विषयांचे अनेक हुशार विद्यार्थी निकालानंतरचे पहिले महिने नोकरीच्या संकेतस्थळांवर आपल्या विषयाचे नाव टाकून शोधत राहतात आणि शेवटी आपल्या विषयाला वावच नाही असे समजून भलत्याच कामाला लागतात. काम असते, पण ते दुसऱ्या व्यवसायांच्या पोटात आणि वेगळ्या नावांखाली असते. त्यामुळे पदाच्या नावावरून नव्हे, तर कामाच्या स्वरूपावरून शोध घ्यावा आणि दुसऱ्याच्या धंद्यातला प्रश्न आकड्यांत मांडून त्याचे उत्तर साध्या भाषेत देता येते, याचा एखादा ठोस पुरावा अर्ज करण्यापूर्वीच तयार ठेवावा. पुढचे सर्व विवेचन याच दोन गोष्टींभोवती आहे.

पुण्यात हे काम कोठे असते

विमा क्षेत्रापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण तेथे संभाव्यताशास्त्र थेट कामाला येते. हप्ता किती आकारायचा, येणाऱ्या दाव्यांसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची, कोणत्या दाव्यात लबाडीचा संशय घ्यायचा, हे सगळे आकडेमोडीचे प्रश्न आहेत. बजाज समूहाच्या विमा कंपन्यांची मुख्य कार्यालये येरवडा भागात विमानतळ रस्त्यावर आहेत, आणि परदेशी विमा कंपन्यांसाठी काम करणारी केंद्रेही शहरात आहेत. येथे ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातील जोखमीचे गणित मांडणारा तज्ज्ञ, होण्याचा मार्ग इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेच्या परीक्षांमधून जातो. २००६ च्या कायद्याने ही संस्था या व्यवसायाचे नियमन करते. प्रवेश परीक्षा देऊन सुरुवातीचे एक-दोन विषय, विशेषतः संख्याशास्त्रावरचा विषय, उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराकडे कंपन्या वेगळ्या नजरेने पाहतात. मात्र सर्व विषय पूर्ण व्हायला नोकरी सांभाळून बरीच वर्षे लागतात, आणि केवळ पगाराचे आकडे ऐकून या वाटेला लागलेली मुले मध्येच थकतात. संभाव्यता आणि व्याजाचे गणित मनापासून आवडत असेल तरच ही वाट धरावी.

खराडी, येरवडा, मगरपट्टा आणि हिंजवडी येथील आंतरराष्ट्रीय बँकांच्या केंद्रांमध्ये कर्जबुडीचा अंदाज, दुसऱ्या चमूने तयार केलेल्या गणिती प्रतिमानाची (मॉडेलची) तपासणी, गैरव्यवहार ओळखणे आणि नियामकांना द्यायचे अहवाल ही कामे चालतात. जाहिरातीत त्यांना ‘रिस्क ॲनालिस्ट’, ‘मॉडेल व्हॅलिडेशन’, ‘क्रेडिट ॲनालिटिक्स’ किंवा नुसतेच ‘रिपोर्टिंग’ म्हटलेले असते. शोध घेताना हेच शब्द टाकावेत. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी हाताळणाऱ्या कंपन्या ‘स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर’ आणि ‘बायोस्टॅटिस्टिशियन’ नेमतात. दुसऱ्या पदासाठी बहुधा संख्याशास्त्रातील एम.एस्सी. लागते, पहिल्यासाठी बी.एस्सी. आणि सॅस या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीची चांगली ओळख काही ठिकाणी पुरते.

चाकण, भोसरी, तळेगाव आणि रांजणगावच्या कारखान्यांकडे विज्ञान शाखेचे पदवीधर सहसा फिरकतच नाहीत, आणि याचे मला वाईट वाटते. नियंत्रण आलेख (उत्पादन ठरलेल्या मर्यादेत आहे का हे दाखवणारे), प्रक्रियेची क्षमता, मोजमापाच्या उपकरणांतील चूक वेगळी काढणे हा सगळा संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमातला भाग वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत रोजच्या वापरात असतो. अडचण एवढीच, की जाहिरात ‘क्वालिटी इंजिनिअर’ या नावाने निघते आणि पात्रतेत पदविका किंवा अभियांत्रिकी लिहिलेली असते. तरीही गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला थेट लिहून, आपण नियंत्रण आलेखावर केलेले काम सोबत जोडून विचारणा करायला हरकत नाही.

संशोधन संस्थांची बाजू निराळी आहे. पाषाणची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था, शिवाजीनगरचे हवामान खात्याचे कार्यालय, १९५२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय विषाणू संस्था, १९३० पासून चालू असलेली गोखले अर्थशास्त्र संस्था अशा ठिकाणी प्रकल्पापुरती पदे निघतात. ती कंत्राटी असतात आणि त्यांची सूचना बहुधा संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच येते; कित्येकदा जाहिरात आणि थेट मुलाखत यांत जेमतेम पंधरवडा असतो. अशा आठ-दहा संस्थांची पाने दर सोमवारी सकाळी उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. पगार खासगी क्षेत्रापेक्षा कमी असू शकतो, परंतु कच्च्या आकडेवारीशी इतका जवळचा संबंध पहिल्या नोकरीत फार थोड्या ठिकाणी येतो.

सरकारी सेवेबद्दल थोडक्यात सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षेत इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १०० गुणांचे, तर संख्याशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिका प्रत्येकी २०० गुणांच्या असतात आणि मुलाखतीला २०० गुण असतात. म्हणजे बहुतांश भार आपल्याच विषयाचा आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी नेमले जातात, आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयातही पदे निघतात. सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसून तयारी करणाऱ्यांना माझे एकच आग्रहाचे सांगणे आहे, की जागा थोड्या आणि वेळापत्रक आपल्या हातात नसलेले असल्यामुळे परीक्षेची तयारी आणि नोकरीचा शोध ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू ठेवावीत.

हाताशी कोणती साधने हवीत

पदवीच्या अभ्यासक्रमात सिद्धता आणि सूत्रे भरपूर असतात, पण कंपनीतली आकडेवारी अनेक तक्त्यांत विखुरलेली असते आणि ती एकत्र करण्यात दिवसाचा मोठा भाग जातो. म्हणून एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या तक्त्यांतून माहिती काढण्याची भाषा, आधी शिकावी. दोन-तीन आठवडे रोज सराव केल्यास तक्ते जोडणे, गट करून बेरीज-सरासरी काढणे आणि क्रमवारी लावणे इतपत ती येते. शिकताना एक धोका नीट समजून घ्यावा: ग्राहकांचा तक्ता आणि व्यवहारांचा तक्ता जोडला की एका ग्राहकाच्या अनेक ओळी होतात, आणि मग ग्राहकाच्या तक्त्यातली कर्जाची रक्कम बेरजेत अनेकदा मोजली जाते. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी किती आहेत हे न पाहता उत्तर देणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

एक्सेलला कमी लेखू नये. पिव्होट टेबल आणि लुकअप सफाईने येणे हे आजही अनेक कार्यालयांत गृहीत धरले जाते. आर आणि पायथन या संगणकीय भाषांपैकी एक चांगली यावी. महाविद्यालयात आर शिकला असाल तर ती सोडून नव्याने सुरुवात करण्याची गरज नाही, मात्र बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत पायथनला मागणी अधिक दिसते, तेव्हा दुसरी भाषा निदान वाचता यावी.

डेक्कन आणि जंगली महाराज रस्त्याच्या परिसरात डेटा सायन्सचे महागडे वर्ग घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. नोकरीची हमी देतो म्हणून मोठी रक्कम आगाऊ घेणाऱ्या संस्थेत घरच्यांचे पैसे गुंतवण्याआधी तेथून बाहेर पडलेल्या चार मुलांना स्वतः भेटावे, आणि ती भेट संस्थेने घडवून आणलेली नसावी. संख्याशास्त्राच्या पदवीधराला तेथे शिकवला जाणारा अर्धा भाग आधीच येत असतो आणि उरलेला विनामूल्य मिळू शकतो.

एक काम पूर्ण करून दाखवावे

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. नवख्या उमेदवाराकडे अनुभव नसतो हे नेमणाऱ्याला माहीत असते. त्याला फक्त एवढे पाहायचे असते, की या मुलीला किंवा मुलाला मळलेली, अपुरी, खऱ्या जगातली आकडेवारी हाताळता येते का. टायटॅनिकच्या प्रवाशांची किंवा फुलांच्या पाकळ्यांच्या मापांची आयती यादी घेऊन केलेला प्रकल्प हे दाखवू शकत नाही, कारण ती यादी स्वच्छ असते, प्रश्न आधीच ठरलेला असतो आणि उत्तर हजारोंनी आधीच लिहून ठेवलेले असते.

त्याऐवजी जवळचा प्रश्न घ्यावा. कांद्याचे उदाहरण पाहू. लासलगाव आणि पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातील कांद्याचे रोजचे भाव आणि आवक ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. प्रश्न असा घ्यावा, की लासलगावचा भाव बदलल्यानंतर पुण्याचा भाव किती दिवसांनी बदलतो, आणि एखाद्या छोट्या व्यापाऱ्याला त्यावरून खरेदीचा दिवस ठरवता येईल का. हे काम हाती घेतले की खऱ्या अडचणी दिसू लागतात. सुट्टीच्या आणि संपाच्या दिवशी बाजार बंद असतो आणि नोंद नसते. ती पोकळी शून्याने भरली तर सगळे बिघडते. एखाद्या दिवशी भाव दहापट दिसतो, तेव्हा तो खरा आहे की टंकलेखनाची चूक आहे हे आवकेकडे आणि शेजारच्या दिवसांकडे पाहून ठरवावे लागते. दोन्ही भावांचा सहसंबंध काढला तर तो खूप मोठा येतो, पण दोन्ही मालिका दीर्घकाळ एकाच दिशेने सरकत असतील तर त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. रोजच्या भावातील फरक घेऊन, एक-दोन-तीन दिवस मागे-पुढे सरकवून पुन्हा पाहावे लागते. हा एवढा परिच्छेद मुलाखतीत स्वतःच्या शब्दांत सांगता आला, तर उमेदवार काय शिकला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

कांदा नको असेल तर इतर साठे आहेत. भारतीय हवामान खात्याने १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची पाव अंशाच्या चौकटींतील आकडेवारी खुली केली आहे; खडकवासला धरणसाखळीच्या क्षेत्रातील जूनमधला पाऊस कमी झाला आहे की पावसाचे दिवस कमी झाले आहेत, हा प्रश्न पुणेकराला समजावून सांगावा लागत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी २०१७-१८ पासूनच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची व्यक्तिगणिक आकडेवारी उपलब्ध आहे. ती वापरताना प्रत्येक नोंदीला दिलेला भारांक विसरू नये, कारण नमुना सर्व लोकसंख्येतून सारख्या प्रमाणात घेतलेला नसतो आणि साधी सरासरी चुकीचे चित्र देते. भारांक का वापरला हे दोन वाक्यांत सांगू शकणारा उमेदवार बाजारसंशोधन किंवा सामाजिक क्षेत्रातील संस्थेत लगेच उपयोगी पडतो.

काम झाल्यावर त्याचे एक पानी टिपण लिहावे: प्रश्न काय होता, आकडेवारी कोठून आणली, काय काय दुरुस्त करावे लागले, उत्तर काय आले आणि त्या उत्तरावर किती भरवसा ठेवता येतो. शेवटचा मुद्दा टाळण्याकडे कल असतो, पण तोच लिहिल्यामुळे वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. सोबत आज्ञावली (कोड) गिटहब या सर्वांना पाहता येणाऱ्या संकेतस्थळावर ठेवावी आणि ती दुसऱ्याच्या संगणकावर चालते याची मित्राकडून खात्री करून घ्यावी. अर्धवट पाच प्रकल्पांपेक्षा असा एक पूर्ण प्रकल्प पुष्कळ वजनदार ठरतो.

अर्ज आणि ओळखी

अर्जाचे पान एकच असावे. ‘मेहनती’, ‘संघभावना’ यांसारख्या शब्दांनी जागा भरू नये. प्रकल्पाची तीन वाक्ये, येणारी साधने, पदवीचे गुण आणि पूर्वी कोठे काही काम केले असल्यास त्याचा उल्लेख एवढे पुरते. शिकवण्या घेतल्या असतील तर त्या अवश्य लिहाव्यात, कारण अवघड गोष्ट सोपी करून सांगण्याचा तो अनुभव आहे. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर अर्ज करत राहावे, पण सारा भार त्यांच्यावर टाकू नये. आपल्याच विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी ही खरी मदत असते. फर्ग्युसन, स. प., मॉडर्न यांसारख्या महाविद्यालयांचे आणि विद्यापीठातील संख्याशास्त्र विभागाचे माजी विद्यार्थी शहरातील अनेक कंपन्यांत आहेत, आणि बहुतेकांना आपल्या विभागाच्या मुलांबद्दल आपुलकी वाटते. फक्त त्यांना ‘सर, काही जागा असेल तर सांगा’ असे लिहू नये. त्यावर त्यांना काहीच करता येत नाही. असे काही लिहावे:

‘नमस्कार मॅडम, मी आपल्याच विभागातून यंदा एम.एस्सी. पूर्ण केले. आपण विमा दाव्यांच्या विश्लेषणाचे काम करता असे देशमुख सरांकडून समजले. मी कांद्याच्या भावांवर एक छोटे काम केले आहे, टिपण सोबत जोडले आहे. आपल्या कामात नव्या व्यक्तीकडून पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षित असते, हे समजून घेण्यासाठी या आठवड्यात आपली पंधरा मिनिटे मिळू शकतील का?’

अशा भेटीत नोकरी मागू नये. कामाबद्दल विचारावे, ऐकलेले लिहून घ्यावे, आणि महिन्याभराने सुधारलेले टिपण पुन्हा पाठवावे. जागा निघाली की ते नाव त्यांना आपोआप आठवते.

मुलाखत

मुलाखतीत अवघड सिद्धता सहसा विचारत नाहीत. मूलभूत गोष्टी खरोखर समजल्या आहेत का हे तपासतात. पी-मूल्य म्हणजे काय ते संख्याशास्त्र न शिकलेल्या व्यवस्थापकाला सांगा, समाश्रयणाची (रिग्रेशनची) गृहीतके मोडली तर काय होते, सरासरीऐवजी मध्यक केव्हा घ्यावा, असे प्रश्न येतात. सशर्त संभाव्यतेचा एक प्रश्न तर हमखास येतो: शंभरात एकाला असणारा आजार ओळखणारी चाचणी ९० टक्के रुग्णांना बरोबर ओळखते आणि निरोगी व्यक्तींपैकी ५ टक्क्यांना चुकून रुग्ण ठरवते, तर चाचणी होकारार्थी आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? सूत्रात अडकण्यापेक्षा दहा हजार माणसे डोळ्यांसमोर आणावीत. त्यांतले १०० रुग्ण, त्यांपैकी ९० होकारार्थी; ९,९०० निरोगी, त्यांपैकी ४९५ होकारार्थी; एकूण ५८५ मध्ये ९०, म्हणजे सुमारे १५ टक्के. उत्तराइतकेच ते असे मोठ्याने, पायरी पायरीने सांगणे महत्त्वाचे असते.

मराठी माध्यमातून शिकून लातूर, सोलापूर, जळगावकडून पुण्यात आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते, आणि विषय उत्तम येत असूनही ती मुले मुलाखतीत गप्प होतात. त्यांच्यासाठी उपाय असा आहे, की आपला प्रकल्प आधी मराठीत, संख्याशास्त्र न येणाऱ्या घरच्या माणसाला समजावून सांगावा. विचारांचा क्रम तेथे पक्का होतो. मग तीच मांडणी छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहून, खोलीतल्या मित्रासमोर रोज बोलावी. मुलाखत घेणाऱ्याला सफाईदार उच्चार नको असतात, त्याला विचार कळायला हवा असतो. अडल्यास ‘एक क्षण विचार करून सांगतो’ असे म्हणण्यात काहीही कमीपणा नाही.

नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा, आकडा म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, हे आधीच समजून घ्यावे, म्हणजे खोलीचे भाडे ठरवताना फसगत होत नाही. समजा, सीटीसी वार्षिक ५ लाख आणि मूळ वेतन अडीच लाख आहे. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा मूळ वेतनाच्या १२ टक्के म्हणजे ३०,००० रुपये, उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद ४.८१ टक्के म्हणजे सुमारे १२,००० रुपये, विम्याचा हप्ता समजा ८,००० रुपये आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग ५०,००० रुपये. हे वजा जाता ४ लाख उरतात. त्यातून आपला निधीचा वाटा ३०,००० आणि महाराष्ट्रातील व्यवसाय कर वार्षिक २,५०० रुपये कापला गेला, की दरमहा सुमारे ३०,६०० रुपये हाती येतात. पाच लाखांना बाराने भागून येणारे सुमारे ४१,७०० नव्हेत. दोन पत्रांची तुलना नेहमी या शेवटच्या आकड्यावरून करावी.

पगारात थोडाच फरक असेल, तर प्रत्यक्ष आकडेवारी हाताळायला मिळेल ते काम घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. पदाचे नाव ‘ॲनालिस्ट’ असूनही दिवसभर तक्रारींच्या नोंदी एका खिडकीतून दुसरीत नेण्याचे काम असू शकते, म्हणून ज्या चमूत जायचे आहे तेथील माणसाला ‘गेल्या आठवड्यात आपण काय केले’ असे मुलाखतीतच विचारावे. करारनाम्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट असेल तर मुदत आणि रक्कम स्पष्ट लिहिलेली आहे का ते पाहावे. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. पडताळणीसाठी दाखवाव्यात आणि परत घ्याव्यात. प्रशिक्षण, नोंदणी किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून पैसे मागितले गेले, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

अंतिम निकाल लागला असला तरी पदवी प्रमाणपत्र हाती यायला वेळ लागतो, म्हणून तात्पुरते प्रमाणपत्र विद्यापीठाकडून लवकर मागून घ्यावे. रुजू झाल्यावर बहुतेक मोठ्या कंपन्या त्रयस्थ संस्थेकडून पार्श्वभूमीची पडताळणी करून घेतात. अर्जात लिहिलेल्या तारखा, गुण आणि आंतरवासितेचा (इंटर्नशिपचा) कालावधी कागदपत्रांशी तंतोतंत जुळतो ना, हे अर्ज पाठवण्यापूर्वीच एकदा शांतपणे ताडून पाहावे, आणि गुणपत्रिका, ओळखपत्रे व आंतरवासितेची पत्रे स्कॅन करून एका ठिकाणी ठेवावीत, कारण ती बहुधा दोन-तीन दिवसांच्या मुदतीत मागितली जातात.